देशी बनावटीची गळकाठी व रीळ : खरेदीपूर्वी करावयाची पारख

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे जसे जंगलाचे, तसेच पाण्याचेही आहेत. वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम होऊन पुढे प्राणहिता वाहते व सिरोंचाजवळ ती गोदावरीस मिळते. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी एकत्र येतात. याशिवाय आसोलामेंढा व घोडाझरी यांसारखे मोठे जलाशय आणि गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आहेत. या पाण्यावर धीवर, भोई, केवट आदी समाजांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांचे मुख्य साधन जाळे होय. तथापि ज्या तलावात बुडालेले बुंधे आहेत, जेथे पाणवनस्पती दाट माजली आहे, किंवा नदीच्या ज्या डोहात खडक आहेत, तेथे जाळे फाटते किंवा अडकते. अशा ठिकाणी मरळ, वाम यांसारखे मासे गळानेच धरावे लागतात. ज्या कुटुंबाजवळ जाळे घेण्याइतके भांडवल नाही, त्यालाही गळाचाच आधार असतो.

अलीकडे तालुक्याच्या गावी व आठवडी बाजारात रंगीत काठ्या आणि चकचकीत रिळे विक्रीस येऊ लागली आहेत. त्यांत देशात तयार झालेला माल असतो व परदेशातून आलेलाही असतो. ही साधने पाहून तरुण मंडळींस मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हाती असलेली रोकड थोडी आणि पेरणीचा खर्च तोंडावर, अशा वेळी केलेली चुकीची खरेदी कुटुंबास जड जाते. म्हणून कोणती वस्तू कोणासाठी योग्य, देशी माल कसा पारखावा व पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, याची माहिती ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी करून घेणे इष्ट आहे.

खर्चाचा क्रम

मासा लागल्यावर त्याची ओढ गळ, गाठ, दोरी, काठी व हात या क्रमाने पोचते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा तुटला की मासा गेला. काठीचे काम स्प्रिंगसारखे वाकून झटका सोसण्याचे आहे. रिळाचे काम जादा दोरी साठविणे, ती लांब सोडणे व परत गुंडाळणे एवढेच आहे. यावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. पहिला पैसा गळ व दोरीवर, दुसरा काठीवर आणि सर्वांत शेवटचा रिळावर खर्चावा. बाजारात बहुधा याच्या उलट घडते. रिळावर भरपूर पैसे जातात आणि त्यावर हलकी दोरी व बोथट गळ चढविला जातो.

रीळ कोणास हवे ?

तलावाच्या काठावरून काठीच्या टप्प्यात मासेमारी करणाऱ्यास रिळाची मुळीच गरज नाही. काठीच्या टोकास काठीइतकीच लांब दोरी बांधली, तिला मोरपिसाच्या देठाचा किंवा हलक्या लाकडाचा तरंगा, थोडे शिसे व गळ लावला की साधन पुरे होते. दोन प्रसंगी मात्र रीळ उपयोगी पडते. मासे काठापासून दूर, खोल पाण्यात असतील, तेव्हा गळ लांबवर फेकावा लागतो. आणि मोठ्या जलाशयातील कटला किंवा रोहू यांसारखा जोरकस मासा लागला, तर त्यास दोरी सोडून दमवावे लागते. या दोहोंपैकी एकही प्रसंग नित्य येत नसेल, तर रिळाची खरेदी लांबणीवर टाकण्यात शहाणपण आहे.

घरची काठी : मानवेल

आपल्या जंगलातील मानवेल बांबू हा गळकाठीसाठी उत्तम आहे. तो इतर अनेक जातींच्या मानाने भरीव, चिवट व लवचिक असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेतील काठ्या बनविणारे कारागीर कलकत्ता बंदरातून जाणारा हिंदी बांबू मागवीत व त्यास ‘कलकत्ता वेत’ म्हणत. हा बांबू सर्वसाधारणपणे मानवेल जातीचा समजला जातो. त्याच्या उभ्या चिरफळ्या काढून व त्या पुन्हा डिंकवून तेथे मौल्यवान काठ्या बनविल्या जात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या बाजारात आल्या. जो बांबू आपण कुंपणाला लावतो, त्याच्याच काठ्या एके काळी परदेशात मानाने वापरल्या जात होत्या.

काठीसाठी सुमारे तीन वर्षांचा पक्व बांबू निवडावा. त्याच वर्षी फुटलेला कोवळा बांबू वाळल्यावर आकसतो व वाकडा होतो. तोडणी हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूस घूण लवकर लागतो, कारण त्यातील पिठूळ अंश किडीचे खाद्य असतो. तोडलेला बांबू दोन ते तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास हा अंश बराच निघून जातो. नंतर तो सावलीत उभा टांगून वाळवावा. बाक असल्यास मंद आचेवर शेकून सरळ करावा. पेरांवरील डोळे घासून काढून वरून जवसाचे तेल चोळल्यास पाणी मुरत नाही. टोकाकडील दोन हात भागावर, विशेषतः दोरी बांधण्याच्या जागी, सुती दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत. त्यामुळे काठी चिरत नाही.

बांबू कोठून घ्यावा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ अन्वये बांबू हे गौण वनोपज ठरले असून पाण्यातील मासळीवरील सामूहिक हक्कही त्याच कायद्यात समाविष्ट आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली त्या गावाने आपल्या बांबूची विक्री केली. ज्या गावास असा हक्क मिळाला आहे, तेथे ग्रामसभेच्या ठरावानुसार बांबू घ्यावा. इतरत्र वन विभागाच्या नियमाप्रमाणे किंवा बुरड कारागिराकडून तो विकत घ्यावा. चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूकामात रुची असणाऱ्या तरुणांनी तेथे चौकशी करण्यास हरकत नाही.

कारखान्याची काठी

रीळ लावावयाचे असल्यास कड्या बसविलेली कारखान्याची काठी सोयीची पडते. काचतंतूची भरीव काठी वजनाने जड, परंतु दणकट असते व बैलगाडीत, सायकलवर किंवा नावेत आदळआपट सोसते. पोकळ काठी हलकी असते, पण ठेच लागल्यास तडकते. कार्बनतंतूची काठी सर्वांत हलकी व महाग होय, आणि ती विजेची वाहक असते हे विसरू नये. नवशिक्यास काचतंतूची सहा ते आठ फुटांची काठी पुरते.

दुकानात पुढील गोष्टी तपासाव्यात :

(१) काठीचे भाग जोडून टोक हलवावे. सांध्यात खडखड होता कामा नये.

(२) काठीचे टोक दुसऱ्याच्या हाती देऊन हलकेच वाकवावे. वाक टोकाकडून मुठीकडे सलग उतरला पाहिजे. एकाच जागी कोन पडत असेल, तर ती काठी घेऊ नये.

(३) प्रत्येक कडीतून कापसाचा लहानसा बोळा फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात, तेथे कडीस चीर किंवा खरखर आहे. अशी कडी थोड्याच दिवसांत दोरी कापते.

(४) मुठीजवळून डोळा लावून पाहावे. सर्व कड्या एका रेषेत असाव्यात व रिळाचा पाय बसण्याची जागा घट्ट आवळली जावी.

दोरीची परीक्षा

पूर्वी सण, सूत व रेशीम यांची दोरी वापरीत. ती कुजत असे व प्रत्येक वेळी वाळवावी लागत असे. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला आणि पुढे जाळी व गळ या दोहोंसाठी त्याचा प्रसार झाला. बाजारात जिला तंगूस म्हणतात, ती हीच एकेरी तंतूची दोरी होय. ती आता देशातही तयार होते.

वेष्टनावर दोरीची जाडी मिलिमीटरमध्ये व तुटण्याचे वजन किलोमध्ये छापलेले असते. या दोन आकड्यांचा मेळ बसतो किंवा नाही, हे पाहावे. चांगली नायलॉनची दोरी ०.२० मि.मी. जाडीची असल्यास सुमारे २ ते ३ किलो, ०.३० मि.मी. असल्यास ५ ते ७ किलो आणि ०.४० मि.मी. असल्यास ९ ते १२ किलो ताण सोसते. जाडी दुप्पट झाली की ताकद सुमारे चौपट होते. ०.३० मि.मी. जाडीच्या साध्या नायलॉन दोरीवर २० किलोचा आकडा छापलेला असेल, तर एक तर जाडी खोटी आहे किंवा ताकद खोटी आहे.

जाडी मोजण्यास उपकरण लागत नाही. शिसपेन्सिलीवर दोरीचे २० वेढे एकमेकांस चिकटून घ्यावेत व त्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी. ती ६ मि.मी. भरल्यास दोरी ०.३० मि.मी. जाडीची आहे. ताकद पाहण्यासाठी दोरी आधी पाण्यात भिजवावी, कारण भिजल्यावर नायलॉनची ताकद थोडी घटते. नंतर तिने रिकामी बादली टांगून तीत मापाने पाणी ओतीत जावे. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. बादलीचे वजन त्यात मिळविले की दोरी किती किलोस तुटली हे कळते. एक रीळ आणून ही परीक्षा करावी व मग गावासाठी एकत्र मागणी नोंदवावी.

ज्या दुकानात दोरी उन्हात टांगलेली असते, तेथून ती घेऊ नये. सूर्यप्रकाशाने नायलॉन कमकुवत होते. गाठ मारताना ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करून मगच आवळावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते व तेथेच दोरी तुटते.

गळाची निवड

नॉर्वेतील मुस्ताद कारखान्याचे गळ भारतीय बाजारात दीर्घकाळ परिचित आहेत. आज देशी गळही मिळतात व ते स्वस्त असतात, परंतु त्यांची पारख करून घ्यावी लागते. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे. चांगले टोक नखात रुतते, बोथट टोक घसरते. मग गळ लाकडाच्या ठोकळ्यात अडकवून पक्कडीने ताण द्यावा. जो गळ सरळ होऊन तसाच राहतो, तो नरम आहे आणि जो काचेसारखा मोडतो, तो ठिसूळ आहे. किंचित उघडून पुन्हा मूळ आकारावर येणारा गळ योग्य समजावा. दोरी बांधण्याचे डोळे पूर्ण मिटलेले असावे.

गळाच्या क्रमांकाविषयी नेहमी घोटाळा होतो. १० क्रमांकाचा गळ ४ क्रमांकाच्या गळापेक्षा लहान असतो. १ नंतर मात्र १/०, २/० असे मोठे गळ सुरू होतात. लहान माशांस १० ते १२, मध्यम माशांस ४ ते ६ आणि मोठ्या मरळीस १/० च्या आसपासचा गळ साधारणपणे वापरावा.

रिळाची परीक्षा

रिळाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चाक स्वतः फिरते व दोरी सुटते. हे साधे चाक होय. त्यात दातेरी चक्रे नसल्याने बिघाड कमी असतो व गावचा कारागीरही ते दुरुस्त करू शकतो. बंगालमध्ये अशा चाकाने मासे धरण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या प्रकारात फेकताना रीळ स्थिर राहते, दोरी त्याच्या कडेवरून सुटते आणि मूठ फिरविली की तारेची कमान दोरी पुन्हा गुंडाळते. हे शिकण्यास सोपे, परंतु आतील यंत्ररचना नाजूक असते.

दुसऱ्या प्रकारचे रीळ घेताना मूठ सावकाश फिरवावी. खरखर लागता कामा नये. मूठ धरून पुढेमागे हलवावी. ढिलेपणा फार असल्यास चक्रे लवकर झिजतात. कमान दहा वेळा उघडून मिटवावी. ती प्रत्येक वेळी पूर्ण मिटली पाहिजे. दोरी ज्या लहान चाकीवरून जाते, ती चाकी मोकळी फिरावी. शेवटी, दोरीवरील ताण कमीजास्त करणारी चकती, जिला दुकानदार ड्रॅग म्हणतात, ती सैल करून दोरी ओढून पाहावी. दोरी झटके न देता सारख्या ओढीने सुटली पाहिजे. वापरताना हा ताण दोरीच्या ताकदीच्या एक-तृतीयांशाहून अधिक ठेवू नये. ६ किलोच्या दोरीस २ किलोचा ताण पुरेसा आहे.

विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘कमान व मूठ मोडल्यास सुटी मिळेल काय ?’ सुटे भाग मिळणे हाच देशी रिळाचा मोठा लाभ आहे. ते मिळत नसतील, तर तो लाभ उरत नाही.

देशी माल कसा ओळखावा ?

केवळ वेष्टनावरील तिरंगी पट्ट्यावर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. वेष्टित मालाविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, नग किंवा लांबी, महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. माल परदेशी असल्यास आयातदाराचे नाव व मूळ देश नमूद असावा लागतो. ‘उत्पादक’ असे लिहिले आहे की ‘आयातदार’ किंवा ‘विक्रेता’ असे लिहिले आहे, हे नीट वाचावे. पुष्कळदा वेष्टन देशी व आतील वस्तू परदेशी असते. पावती घ्यावी व ती जपून ठेवावी. पावतीवाचून तक्रारीस बळ येत नाही.

हिशेब व एकत्रित खरेदी

समजा, काठी व रीळ मिळून १,५०० रुपये पडले आणि गावात मासळी किलोस १५० रुपये दराने विकली जाते. मग केवळ मूळ खर्च निघण्यासाठी १० किलो मासळी धरावी लागेल. आमिष, तुटलेले गळ व गेलेला दिवस हे त्यात धरलेले नाहीत. हेच साधन घरच्या बांबूवर १५० रुपयांत उभे राहिले, तर १ किलो मासळीत खर्च वसूल होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हा हिशेब खरेदीपूर्वी कागदावर मांडावा.

गळ व दोरी या वस्तू एकट्याने घेण्यापेक्षा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत किंवा बचत गटामार्फत एकत्र घेतल्यास ठोक दर मिळतो. संस्थेने प्रथम नमुना मागवून वर सांगितलेल्या परीक्षा सभासदांसमक्ष कराव्यात. रीळ मात्र उधारीवर कोणीही घेऊ नये.

परवानगी व सुरक्षितता

बहुतेक तलावांतील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेची संमती घेतल्याशिवाय गळ टाकू नये, कारण त्यातील बोटुकली संस्थेने पैसे खर्चून सोडलेली असते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले व ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ साली स्थापन झाला. तेथे, तसेच चपराळा व भामरागड अभयारण्यांत, मासेमारीचे पाऊल वन विभागाच्या नियमाविरुद्ध टाकू नये. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ सालच्या कायद्यापासून मनाई आहे. पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे सोडून द्यावेत. पुढील वर्षाची मासळी त्यांच्याच पोटात असते.

वाघाचा वावर असलेल्या भागात पहाटे व सायंकाळी एकट्याने पाण्याकाठी बसू नये. दोघांनी मिळून जावे व एकाने पाठीमागे लक्ष ठेवावे. विजेच्या तारांखाली काठी उभी धरू नये. कार्बनची काठी तर धोक्याचीच, परंतु ओला बांबूही सुरक्षित नाही. आकाशात गडगडाट सुरू होताच काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे.

निगा

काम आटोपल्यावर काठी व कड्या पुसाव्यात. पुराच्या गढूळ पाण्यातील रेती रिळाचा शत्रू आहे. म्हणून रीळ स्वच्छ पाण्याने वरून धुऊन सावलीत वाळवावे व दांड्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. दोरीचा गळाजवळील हातभर भाग वारंवार तपासून खरखरीत लागल्यास कापून टाकावा. तुटलेली दोरी काठावर फेकू नये. तीत पाखरांचे व गुरांचे पाय अडकतात. ती घरी आणून जमा करावी.

ग्रामसेवकांनी गावच्या सभेत बादली, पट्टी, पेन्सिल व कापूस एवढे साहित्य घेऊन या परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. देशी माल देशी म्हणून घ्यावा, परंतु तो कसोटीस उतरला म्हणून घ्यावा. खरेदीदार पारख करू लागला, तरच कारखानदारही माल सुधारतो. तोपर्यंत आपल्या जंगलातील एक पक्व मानवेल, परीक्षा केलेली दोरी व तीक्ष्ण गळ एवढ्यावर गरीब कुटुंबाच्या ताटात मासळी येऊ शकते, आणि त्यासाठी कोणाचेही कर्ज काढावे लागत नाही.